दादाचं आरमार वाटू नका, कपाटातही ठेवू नका

आमच्या बडोद्याच्या घरी दिवाळीत अंगणात किल्ला व्हायचा. थोरला दादा किल्ल्याच्या पायथ्याशी परातीत पाणी भरून कागदी होड्या सोडायचा. ते वेड वाढत वाढत थेट ग्रीक-इराणी लढायांपर्यंत गेलं. परदेशातून धातूची चिमुकली जहाजं मागवायची, भिंग लावून रंगवायची, काचेच्या कपाटात मांडायची. अशी चाळीस जमली. खरी ट्रायरीम साधारण 37 मीटर लांब, तीन थरांत 170 वल्हेकरी. दादाची बाराशेपट लहान, म्हणजे जेमतेम तीन सेंटिमीटर. हात लावायची कुणाची टाप नव्हती!

दादाला जाऊन दोन वर्षं झाली. पुतण्या म्हणतो, "काका, सगळ्यांनी चार-चार वाटून घेऊ, आठवण राहील." वहिनी म्हणतात, कपाट आहे तसंच राहू दे. दोघांचीही माया खरी, पण मला दोन्ही पटत नाही.

मे महिन्यात वहिनींना विचारून मी जहाजं बाहेर काढली. जेवणाच्या टेबलावर निळी चादर अंथरली, दोन्हीकडे पुस्तकं रचून चिंचोळी खाडी केली. लढाई सलामिसची, इ.स.पू. 480. नातवाने इराणची बाजू घेतली, जहाजं जास्त म्हणून. नियम सोपे: फासा पडेल तेवढं वल्हवायचं, वळायला जागा लागते, समोरच्याच्या कुशीत धडक बसली की ते जहाज बाद. चौथ्या-पाचव्या फेरीत नातू ओरडला, "आजोबा, माझीच जहाजं माझ्या आड येतायत!" इराणी आरमाराचं त्या दिवशी नेमकं हेच झालं होतं. इतकी वर्षं काचेतून बघून हे आमच्यापैकी कुणाला कळलं होतं?

एका जहाजाची वल्ही मोडली. सगळे गप्प. वहिनीच म्हणाल्या, "भाऊजी, फेविक्विक खणात आहे."

आता वाटणीचं. अथेन्सला लॉरिऑनच्या खाणीत भरपूर चांदी सापडली. माणशी दहा द्राख्मा वाटून घेऊ, असं लोकांच्या मनात होतं. थेमिस्टोक्लिसने ते थांबवलं, त्या पैशातून जहाजं बांधायला लावली. काही वर्षांतच सलामिसला तीच जहाजं उपयोगी पडली. वाटून घेतली असती तर चार दिवस बाजारहाट झाला असता, इतकंच.

आपल्याकडेही तसंच. चार जहाजं माझ्या शोकेसमध्ये, चार पुण्याला, चार अमेरिकेत, म्हणजे आरमार कुठेच नाही. आणि किल्ल्यावरचे मावळे आपण दरवर्षी हाताळतोच ना? एखाद्याचा हात मोडला तर चिकटवतो, नाहीतर नवा आणतो. म्हणून किल्ला करणं अजून टिकलंय.

माझं म्हणणं एवढंच: चाळीसही वहिनींकडेच राहू देत, पण कपाटाला कुलूप नको. सुट्टीत मुलं येतील, खेळतील, मोडतील.

पुतण्या हे वाचतोय, माहीत आहे. बाळा, येत्या रविवारी ये. इराणची बाजू तुझी.