फुकटचा डाव आणि बंद पाकीट



आपल्या खान्देशात आखाजी आली की दोन गोष्टी ठरलेल्या. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात. आणि पारावर, मळ्यात, ओट्यावर पत्त्यांचे डाव बसतात. कुठे मेंढीकोट, कुठे रमी, तर कुठे पैसे लावून तीन पानी. पैशांच्या डावाने कुणाचे काय गेले हे जळगाव-धुळ्याकडच्या घराघरांत ठाऊक आहे. ते आम्ही नव्याने सांगायला नको.

आता पत्त्यांचा एक नवा प्रकार पोरांच्या मोबाईलमध्ये आला आहे. "फुकट आहे, घेऊ का?" असे पोरगा विचारतो. घरातून एक तर "घे बाबा" असे उत्तर येते, नाही तर "ठेव तो फोन खाली" असे. दोन्ही उत्तरे घाईची. आधी खेळ काय आहे ते पाहू.

या जातीतला नावाजलेला खेळ म्हणजे हार्थस्टोन. अमेरिकेतल्या ब्लिझार्ड कंपनीने तो मार्च २०१४ मध्ये आणला. आपण ५२ पानांच्या एकाच जोडातून पाने वाटतो. इथे तसे नाही. प्रत्येक खेळाडू स्वतःजवळच्या पानांतून ३० पानांचा आपला जोड आधी बांधतो आणि मग समोरच्याशी एकास एक खेळतो. दोघांच्या नायकांचे बळ ३०-३०. ज्याचे आधी शून्यावर आले तो हरला. पान टाकायचे तर त्याची किंमत मोजावी लागते. त्यासाठी पहिल्या फेरीत १ खडा मिळतो, दुसरीत २, असे वाढत वाढत १० पर्यंत. न वापरलेले खडे पुढच्या फेरीला उरत नाहीत.

नवखा पोरगा काय करतो? सगळी दांडगी, महागडी पाने जोडात भरतो. मग पहिल्या तीन-चार फेऱ्या त्याला काहीच टाकता येत नाही आणि समोरचा बारक्या पानांनी त्याला बेजार करतो. सगळ्या रानात नुसता कापूस लावावा आणि मधल्या दिवसांत घरात पैसा नसावा, तशी ही गत. मूग-उडीद पोळ्याच्या सुमारास हाती येतो, कापूस मागून येतो. जोडही तसाच बांधावा: स्वस्त पाने जास्त, मधली बेताची, भारी पाने मोजकी.

सुरुवात करणाऱ्याने आधी खेळातच दिलेले शिकवणीचे डाव पुरे करावेत. मग एकच नायक धरून त्याचीच पाने नीट ओळखावीत. दहा ठिकाणी हात घातला तर एकही जोड धड होत नाही. पानांवरचा मजकूर मराठीत नाही, इंग्रजीत आहे. पोराला तो वाचायला लावा आणि अर्थ विचारा. तेवढाच अभ्यास होईल.

आता पैशाची गोष्ट. खेळ फुकट आहे हे खरे. कंपनी विकते ती पाने, आणि तीही बंद पाकिटात. एका पाकिटात ५ पाने. रोजची नेमून दिलेली कामे केली की खेळातली नाणी मिळतात आणि १०० नाण्यांना एक पाकीट येते. हा धीराचा रस्ता. दुसरा रस्ता घाईचा: खरे पैसे द्या आणि लगेच पाकिटे फोडा.

आपण बियाण्याचे पाकीट घेतो तेव्हा त्यावर वाण, लॉट नंबर, उगवणशक्ती छापलेली असते. या पाकिटात नेमके कोणते पान निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. नको ते निघाले तर परत देता येत नाही. मोडता येते, पण भाव पाहा: सर्वांत दुर्मीळ जातीचे साधे पान मोडले तर ४०० भुकटी मिळते आणि तसलेच दुसरे घडवायला १६०० लागते. म्हणजे पाव भाव! व्यापाऱ्याने आपल्याला असा भाव दिला तर आपण गाडी माघारी फिरवू.

पैसे घेऊन उघडायच्या अशा बंद पेट्या काही खेळांत जुगारच ठरतात, असे बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये सांगितले. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, मग तो खेळ नशिबाचा असो की कसबाचा. हार्थस्टोनमध्ये पैसे जिंकायचे नसतात. पण खिशातला पैसा जातोच, आणि गेलेला परत येत नाही.

म्हणून घरात चार गोष्टी पाळा. ज्या खात्यात कापसाचे, केळीचे, दुधाचे पैसे येतात ते खाते पोराच्या खेळाच्या फोनला जोडू नका. यूपीआयचा पिन पोरांना सांगू नका. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीआधी खात्री करून घेण्याची सोय आहे, ती चालू ठेवा. आणि "फुकट पाकिटे देतो, ओटीपी सांग" म्हणणारा भामटाच समजा. फसवणूक झालीच तर लाजू नका, ताबडतोब १९३० वर फोन लावा.

हे वाचून कुणी खेळाला नावे ठेवू नयेत. कच्छमधल्या भूजच्या तीर्थ मेहताने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच हार्थस्टोनमध्ये कांस्य मिळवले. तो खेळ तेव्हा प्रात्यक्षिक म्हणून होता, त्यामुळे देशाच्या पदकांत ते मोजले गेले नाही. त्याच स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार या जोडीने ब्रिजमध्ये सुवर्ण जिंकले. दोघेही पन्नाशी ओलांडलेले! पत्त्यांत डोके चालवायला वयाची अट नाही.

तेव्हा पोराने विचारले तर घेऊ द्या. वेळ ठरवून द्या, पैसा बंद ठेवा आणि एक डाव शेजारी बसून पाहा. "हे पान आत्ताच का टाकलेस?" एवढेच विचारा. त्याला सांगता आले तर तो खेळतो आहे. सांगता आले नाही आणि तो नुसती पाकिटेच मागू लागला, तर त्या दिवशी फोन खुशाल उचलून ठेवा.