जीर्णोद्धार की जीर्णसंहार?

गंजून चाळण झालेली चाळीस वर्षांपूर्वीची मोटार विकत घ्यावी, तिच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसा आणि दोन-तीन हिवाळे तिच्यापायी खर्ची घालावेत, आणि शेवटी तीच मोटार, तेवढ्याच वेगाची, पदरात पडावी, या उद्योगाला आपल्याकडील व्यवहारी माणूस वेड म्हणतो. आम्हीही बरीच वर्षे तसेच म्हणत होतो. आज आमचे मत बदलले आहे. आणि ते का बदलले, हे देवस्थानांच्या महाजनांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण हे वेडे पत्र्यापुढे बसून ज्या प्रश्नाचे उत्तर शोधतात, तोच प्रश्न आपण देवळाच्या भिंतीपुढे उभे राहून टाळीत आलो आहोत.

उदाहरणादाखल जर्मनीची फोक्सवॅगन गोल्फ ‘जीटीआय’ घ्यावी. १९७५ साली फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनात ती प्रथम दिसली. मागील बाजूस वर उचलून उघडण्याचे दार असलेली ही साधी घरगुती मोटार. तिलाच कारखान्याने जोमदार इंजिन बसविले. पाच हजार गाड्या काढाव्यात एवढाच मूळ बेत होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. १९८२ मध्ये तिला १.८ लिटरचे, ११२ अश्वशक्तीचे इंजिन मिळाले. वजन साधारण साडेआठशे किलो; म्हणून वळणावळणांच्या रस्त्यावर ती भल्या भल्या श्रीमंती मोटारींना मागे टाकी. समोरच्या जाळीभोवती तांबडी रेघ, आसनांवर चौकटीचे कापड आणि गिअरच्या दांड्यावर गोल्फच्या चेंडूसारखी मूठ, ही तिची लक्षणे.

परंतु या रूपवतीच्या अंगात गंज फार लवकर शिरे. दारांखालचे पोकळ उंबरे, पुढच्या चाकांमागील पत्रा, समोरच्या काचेखालची खाच, या जागी पाणी मुरे आणि पत्रा आतून खाई. पेट्रोल भरण्याची नळी मागच्या चाकाच्या वर चिखलात भिजून सडे, तिचा गंज टाकीत पडे, आणि इंधन मोजून पुरविणारी नाजूक यंत्रणा त्यानेच निकामी होई. वरचा रंग मात्र शाबूत! वाचकहो, वरून रंग आणि आतून क्षय, ही अवस्था केवळ मोटारींचीच असते काय?

आता जाणता कारागीर काय करतो ते पाहावे. हातोडी उचलण्यापूर्वी तो प्रत्येक सांध्याचे छायाचित्र घेतो. मग टोचून, ठोकून पत्रा कोठे जिवंत आहे आणि कोठे मेला आहे हे ठरवितो. मेलेला तेवढाच कापतो. उंबरा कापताना सांगाड्याला आधार देतो, नाही तर दारांच्या फटी कायमच्या वाकड्या होतात. नवा तुकडा सांधून झाला की जस्ताचा लेप, सांध्यांत लांबी आणि पोकळीत मेण भरतो, म्हणजे रोग पुनः उलटत नाही. आसनाचे कापड विटलेले असले तरी धड असेल तर ते तो फेकीत नाही.

याउलट दुसरा एक पंथ आहे. तो सर्व जुने उपटून टाकतो, आरशासारखा रंग चढवितो, नवे इंजिन कोंबतो, आणि प्रसंगी दुसऱ्याच सांगाड्यावर जुना क्रमांक चढवितो. निघते ती वस्तू देखणी असेल. पण ती ती मोटार नव्हे. आमच्या व्यवसायाच्या भाषेत तो बनावट दस्तऐवज होय.

कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांहून जुन्या मोटारीस ऐतिहासिक वाहनाची खास पाटी मिळते. मात्र ती सुस्थितीत आणि बहुतांशी मूळ रूपात असली पाहिजे. आपल्या केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांत ही मर्यादा पन्नास वर्षांची आहे, आणि सांगाडा, शरीर वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेल्या वाहनास तो मान मिळत नाही. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ साली तूरीनची सनद संमत केली. मूळ द्रव्य शक्य तितके राखा, केलेल्या कामाची नोंद ठेवा, नवे ते नवे म्हणून ओळखू येऊ द्या, हे तिचे सार. ही सनद ज्या विचारावर उभी आहे तो १९६४ च्या वेनिसच्या सनदेतील. आणि वेनिसची सनद होती पुरातन वास्तूंसाठी! म्हणजे जो धर्म वास्तूंसाठी सांगितला गेला, तो मोटारवाल्यांनी पत्र्याच्या डब्याला लावला, आणि आपण तो प्रत्यक्ष देवाच्या घरालाही लावीत नाही.

गोमंतकात आणि कोकणपट्टीत जीर्णोद्धाराच्या नावाखाली काय चालते, हे आम्ही महाजनांस सांगावे असे नाही. चिऱ्याच्या भिंती पाडून काँक्रीट उभे राहते. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीने रेखाटलेली, पिढ्यान्‌पिढ्यांची कावी चित्रे तैलरंगाखाली जातात किंवा ढिगाऱ्यात. कोरीव लाकडी खांब अडगळीत पडतात, जमीन गुळगुळीत फरशीची होते, आणि कोनशिलेवर देणगीदारांची नावे सोन्याच्या अक्षरांत झळकतात. जीर्ण तेवढे गेले; उद्धार कोणाचा झाला?

यावर आक्षेप येईल की देऊळ म्हणजे संग्रहालय नव्हे; तेथे पूजा चालते, भक्तांची गर्दी वाढली आहे, आणि गळके छप्पर अंगावर घ्यायचे काय? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर त्या मोटारीतच आहे. तीही काचेच्या पेटीत ठेवायची नसते, रस्त्यावर धावायची असते. सडलेला उंबरा अपघातात माणसाचा जीव घेईल, म्हणून तो कापलाच पाहिजे. परंतु उंबरा सडला म्हणून कोणी छत उपटीत नाही. गळते ते कौल बदला, वाळवीने खाल्लेली तुळई बदला. शेजारची धड भिंत कोणत्या अपराधासाठी पाडता? शास्त्रानेही जीर्णाचा उद्धार सांगितला आहे, धडधाकटाचा वध नव्हे. छत्रपतींनी १६६८ साली पुनः उभारलेले नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देवालय दुरुस्त होऊन २०२३ मध्ये भक्तांसाठी पुनः खुले झाले, ते पाडून नव्हे.

आमची मागणी माफक आहे. १९३३ च्या महाजनी नियमावलीखाली चालणाऱ्या आपल्या संस्थांना स्वतःच्या सभेत ठराव करण्यास कोणी अडविलेले नाही. तेव्हा प्रत्येक महाजन मंडळाने एवढाच ठराव करावा : कोणतीही भिंत पाडण्यापूर्वी तिची मोजमापे व छायाचित्रे दप्तरी लागतील, चिरा, चुना व लाकूड जाणणाऱ्या कारागिराचा लेखी अभिप्राय सभेपुढे येईल, आणि जे धड आहे ते जागचे हलणार नाही. यास फार पैसा लागत नाही. लागते ती थोडी लाज, की चाळीस वर्षांच्या पत्र्याविषयी परक्या देशातील एखाद्या गॅरेजवाल्यास जेवढी माया वाटते, तेवढीही आपल्या आजा-पणजांनी डोक्यावरून वाहून आणलेल्या चिऱ्याविषयी आपल्याला वाटू नये!