कृमीचे मर्म शोधायचे कसे?

पाऊस ओसरला की कृष्णा-कोयनेच्या काठची कुरणे, पाटाच्या कडेची हिरवळ आणि पाटण-शिराळ्याच्या भातखाचरांचे बांध जनावरांना भरपूर ओला चारा देतात. याच चाऱ्यावरून यकृतकृमी त्यांच्या पोटात जाऊ शकतो. आपल्या गाई-म्हशींत आणि शेळ्या-मेंढ्यांत आढळणारा हा चपटा कृमी म्हणजे फॅसिओला जायगॅन्टिका. त्याची अंडी शेणातून पाण्यात पडतात. अळी लिम्निया कुळातल्या गोगलगाईत वाढते, बाहेर पडते आणि गवतावर कोष करून बसते. जनावराच्या आतड्यात कोष फुटला की कोवळा कृमी आतड्याची भिंत भेदून यकृत गाठतो आणि कित्येक आठवडे ते पोखरत शेवटी पित्तनलिकेत मुक्काम करतो. शेणाच्या तपासणीत अंडी दिसतात ती त्यानंतर. म्हणजे रोग कागदावर येतो तेव्हा यकृताची बरीच नासाडी होऊन गेलेली असते.

म्हणून खरी लढाई कोवळ्या कृमीशी आहे, आणि नेमकी तिथेच आपली शस्त्रे तोकडी आहेत. ऑक्सिक्लोझॅनाइड मुख्यतः वाढ झालेल्या कृमींवर चालते. कोवळ्यांनाही मारणारे ट्रायक्लाबेंडाझोल प्रभावी आहे, पण त्याला दाद न देणारे यकृतकृमी ऑस्ट्रेलियात १९९५ सालीच नोंदले गेले आणि पुढे युरोपातही. नवे औषध किंवा लस हवी असेल, तर कृमीचे कोणते प्रथिन रोखले की तो हतबल होतो, हे आधी कळले पाहिजे. जनुक मूक करण्याचे तंत्र याच प्रश्नाचे उत्तर शोधते. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी ते १९९८ मध्ये एका सूक्ष्म गोलकृमीत उलगडले आणि २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. निवडलेल्या जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए पेशीत गेला की पेशी त्याचे तुकडे करते आणि त्या तुकड्यांच्या खुणेने त्या जनुकाचा निरोप नेणारा आरएनएच नष्ट करते. निरोप पोचला नाही की प्रथिन घडत नाही. मग कृमीचे काय अडते, ते पाहायचे. बेलफास्टच्या संशोधकांनी २००८ मध्ये यकृतकृमीच्या युरोपीय भावंडात कॅथेप्सिन ही प्रथिने पचवणारी विकरे अशी बंद पाडली, तेव्हा कोवळ्या कृमींना आतड्याची भिंत भेदणे जड गेले. आपल्या जायगॅन्टिकावर हे तंत्र बसवण्याचे काम इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने केले. ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे. गोगलगायी आवरा, पाणथळीत चारू नका, वेळेवर जंताचे औषध पाजा, एवढे पुरे नाही का? हे सारे आज करायलाच हवे. पण माणदेश-जतहून कळप घेऊन निघालेल्या मेंढपाळाला वाटेतले पाणवठे निवडता येत नाहीत, आणि वेळेवर पाजलेले औषध लागू पडेनासे झाले, तर वेळ पाळूनही उपयोग नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जनुक पूर्णपणे मूक होत नाही, एका कॅथेप्सिनचे काम दुसरे उचलू शकते, आणि काचेच्या बशीतला कृमी म्हणजे म्हशीच्या यकृतातला कृमी नव्हे. हे मान्यच केले पाहिजे. पण या तंत्राकडून औषधाची अपेक्षा नाही, चाळणीची आहे. मानवी रक्तात राहणाऱ्या शिस्टोसोमा या चपट्या कृमीची २,२१६ जनुके २०२० मध्ये अशी तपासली गेली, तेव्हा २६१ जनुकांच्या बाबतीत कृमीत ठळक बिघाड दिसला. पैसा आणि वर्षे कुठे खर्चू नयेत, हे कळणे हीसुद्धा मोठी कमाई आहे. तिसरी भीती जनुकबदलाची. ती इथे लागू होत नाही, कारण कृमीचा डीएनए आहे तसाच राहतो.

परदेशी कृमीवरचे निष्कर्ष आपल्या कृमीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. साताऱ्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, भोवती जनावरांनी भरलेले गोठे आणि मेंढरांचे कळप आहेत. इज्जतनगरने घालून दिलेली पद्धत इथे रुजवायला, कृष्णाकाठच्या कृमींचे नमुने जमवायला आणि एकेक जनुक तपासायला राज्याने सलग काही वर्षे निधी द्यावा. आजचे औषध निकामी होण्याची वाट पाहून शोध सुरू केला, तर त्या विलंबाची किंमत गोठ्यातल्या जनावराला मोजावी लागेल.