कपाटाची किल्ली कुणाकडे?

आमच्या शाळेत वाचनालय होतं, म्हणजे एक लोखंडी कपाट होतं. किल्ली हेडमास्तरांच्या खिशात. कारण काय, तर ‘पोरं पुस्तकं फाडतात.’ ७ वर्षांत ते कपाट मी फक्त तपासणीच्या दिवशी उघडं पाहिलं.

२००९चा शिक्षणहक्क कायदा प्रत्येक शाळेत वाचनालय मागतो, तेही गोष्टींच्या पुस्तकांसकट. कुलूप मागत नाही.

आता मी स्वतः शिक्षक आहे. वर्गात दोरीवर पुस्तकं टांगलीत, पहिलीतल्या पोराचाही हात पुरेल इतकी खाली. पावरी बोलणारी पोरं चित्रं बघून आधी पावरीत गोष्ट सांगतात, मग आपण मराठीत वाचतो. यंदा ११ पुस्तकं फाटली. चिकटवली.

कोरीकरकरीत पुस्तकं मिरवणाऱ्या शाळांनो, ती नेमकी कुणासाठी जपताय?