उसण आहे की हृदय, हे बाम लावून ठरत नाही

साकीनाक्याला खैरानी रोडवर टेम्पो खाली करणाऱ्या हमालाचा खांदा दुखणं रोजचंच. त्यामुळे छातीत कळ आली तरी ‘उसण भरली असेल’ म्हणून बाम चोळला जातो, मेडिकलमधून गोळी घेतली जाते आणि पुढचं खोकं उचललं जातं. हा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो, आणि धोका त्यातच आहे. स्नायूचं दुखणं हात उचलला, कूस बदलली की वाढतं. त्याची जागा बोटाने दाखवता येते, दाबलं की कळ येते. हृदयाचं दुखणं बहुधा छातीवर ओझं ठेवल्यासारखं, पसरट. श्रमाने वाढतं, थांबलं की ओसरतं, हातात, जबड्यात, पाठीत जातं, सोबत घाम आणि धाप. हा फरक खरा आहे, पण तेवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. छाती दाबल्यावर दुखते अशा काही रुग्णांनाही हृदयविकाराचा झटका आलेला असतो. मधुमेहींना आणि स्त्रियांना कधी नुसती धाप लागते, छाती दुखतही नाही. तरुण वयाचा भरवसाही धरू नये : 52 देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षं आधी आल्याचं दिसलं.

मग प्रत्येक खांदेदुखीला राजावाडी रुग्णालयाची रांग धरायची का? रोजंदारी बुडते, हा आक्षेप रास्त आहे. नेहमीच्या, ओळखीच्या दुखण्यासाठी तशी गरजही नाही. पण दुखणं नवं असेल, श्रमाबरोबर येत असेल किंवा घाम फुटत असेल, तर ईसीजी काढलाच पाहिजे. त्याला काही मिनिटं लागतात. तो नॉर्मल आला म्हणूनही लगेच घरी जाऊ नये. सुरुवातीच्या ईसीजीत झटका निसटू शकतो, म्हणून डॉक्टर ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी, रक्ततपासणी करतात आणि काही तासांनी ती पुन्हा करतात. ही सगळी जबाबदारी हमालावर टाकणं मात्र अन्यायाचं आहे. महापालिकेच्या प्रत्येक ‘आपला दवाखान्या’त ईसीजी यंत्र आणि तो वाचू शकणारा डॉक्टर, दवाखाना उघडा असेपर्यंत, असायलाच हवा. गाळामालकांनीही छाती धरून बसलेल्या माणसाला ‘जरा पड, बरं वाटेल’ असं सांगू नये. विश्रांती घेऊनही दुखणं काही मिनिटांत थांबलं नाही, तर रिक्षा शोधत बसू नका, 108 ला फोन करा.