९९९९९९९९९९ : आयुष्मान कार्डवरच्या एका नंबरची गोष्ट

कुठल्याही अ‍ॅपचं टेस्टिंग करताना मोबाईल नंबरच्या रकान्यात आम्ही डेव्हलपर मंडळी डोळे झाकून ९९९९९९९९९९ टाकतो. दहा अंक पूर्ण होतात, फॉर्म पुढे जातो. टेस्टिंगपुरतं हे ठीक आहे. पण हाच नंबर देशातल्या सगळ्यात मोठ्या आरोग्य योजनेच्या खऱ्या डेटाबेसमध्ये लाखो लोकांच्या नावापुढे असेल तर?

ऑगस्ट २०२३ मध्ये कॅगचा, म्हणजे नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांचा, आयुष्मान भारत योजनेवरचा अहवाल संसदेत मांडला गेला. त्यात नोंद होती की ७,४९,८२० लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच नंबरला जोडलेले आहेत. ८८८८८८८८८८ ला जोडलेले आणखी १,३९,३०० जण. तेव्हा सोशल मीडियावर भरपूर मीम्स फिरले आणि विषय मागे पडला. मला मात्र वाटतं की योजनेतली फसवणूक कशी होते आणि कशी पकडायची, हे समजून घ्यायला हा नंबर उत्तम सुरुवात आहे.

आधी पैसा कसा फिरतो ते पाहू

२०१८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. महाराष्ट्रात ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसोबत एकत्र राबवली जाते. रुग्ण रुग्णालयात येतो, आरोग्यमित्र कार्ड तपासतो, रुग्णालय रिपोर्ट जोडून ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतं, उपचार होतात, डिस्चार्ज होतो आणि मग क्लेम जातो. प्रत्येक उपचाराचं पॅकेज ठरलेलं असतं, म्हणजे अमुक शस्त्रक्रियेला अमुक रक्कम.

या साखळीत एक गोष्ट विचित्र आहे. सेवा घेतो रुग्ण, बिल करतं रुग्णालय आणि पैसे देतं सरकार. हॉटेलात न मागवलेली डिश बिलात आली तर आपण लगेच वेटरला बोलावतो. इथे ज्याच्या नावावर बिल फाटतं, त्याला बहुतेक वेळा ते दिसतही नाही. फसवणुकीला जागा मिळते ती इथेच.

पहिली चाळणी : एक रकाना

सगळ्यात सोपी तपासणी एका रकान्यापुरती असते. नंबरात एकच अंक दहा वेळा आलाय का? एका आधार क्रमांकावर किती नोंदणी झाल्या? कॅगला तमिळनाडूत फक्त ७ आधार क्रमांकांवर ४,७६१ नोंदणी सापडल्या. देशभरात ४३,१९७ कुटुंबांची सदस्यसंख्या ११ ते २०१ अशी दाखवलेली होती. एकत्र कुटुंबात अकरा माणसं असू शकतात, पण २०१ म्हटल्यावर सॉफ्टवेअरने निदान "नक्की का?" एवढं तरी विचारायला हवं. यासाठी एआय लागत नाही, दोन ओळींचा कोड पुरतो.

दुसरी चाळणी : दोन नोंदींचा मेळ

पुढची तपासणी म्हणजे एक नोंद दुसरीशी जुळवून बघणं. आधी मृत दाखवलेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावावर ३,९०३ क्लेम आणि त्यापोटी ६.९७ कोटी रुपये रुग्णालयांना दिले गेले, असं कॅगने म्हटलं. तसंच ४८,३८७ रुग्णांच्या ७८,३९६ क्लेममध्ये आधीच्या रुग्णालयातून डिस्चार्ज होण्याआधीच दुसरीकडे दाखल झाल्याची तारीख होती.

हे वाचून "सगळे चोर!" असं म्हणावंसं वाटतं. पण सरकारची बाजूही नीट ऐकायला हवी. रुग्णालयाला पूर्वमंजुरीचा अर्ज दाखल झाल्यानंतर तीन दिवसांपर्यंत करता येतो. रुग्ण तेवढ्यात दगावला तर मृत्यूची तारीख अर्जाच्या आधीची दिसते. बाळंतपण एका रुग्णालयात झालं आणि बाळाला दुसरीकडच्या अतिदक्षता विभागात हलवलं, तर बाळाचे उपचारही आईच्याच ओळख क्रमांकावर होतात. कागदावर एकच बाई दोन ठिकाणी दाखल दिसते. मृत रुग्णांच्या प्रकरणांतली निम्म्याहून जास्त सरकारी रुग्णालयांतली असल्याचंही सरकारने सांगितलं.

ही कारणं पटण्यासारखी आहेत. पण मग दोष डिझाइनचा ठरतो. दाखल झाल्याची, अर्जाची आणि मृत्यूची तारीख वेगवेगळी तपासली, नवजात बाळाला स्वतःची तात्पुरती ओळख दिली, तर खरी प्रकरणं आपोआप बाजूला होतील आणि जे उरेल तेवढंच तपासावं लागेल. आत्ता खरं आणि खोटं एकाच ढिगात पडलेलं असतं आणि त्याचा फायदा अर्थातच खोट्याला होतो.

मग संशय आला की क्लेम सरळ अडवून का टाकू नये? कारण रात्री दोन वाजता खऱ्याखुऱ्या बाळाला घेऊन आलेल्या बापाला स्क्रीनवर "नोंद जुळत नाही" असं दिसणंही परवडणारं नाही. म्हणून उपचार न थांबवता पैसे तपासणीपर्यंत थांबवणं हा शहाणा मार्ग. संशयाचा त्रास रुग्णालयाच्या हिशेबाला व्हावा, रुग्णाला नको.

तिसरी चाळणी : सगळं खरं असताना

सगळ्यात अवघड फसवणूक ती, जिथे एकही आकडा खोटा नसतो.

नोव्हेंबर २०२४. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या कडी तालुक्यातलं बोरिसणा गाव. अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयाने तिथे मोफत तपासणी शिबिर घेतलं. नंतर गावातल्या १९ जणांना अहमदाबादला नेऊन त्यांची अँजिओग्राफी केली आणि त्यातल्या ७ जणांची अँजिओप्लास्टी. दोघांचा मृत्यू झाला. नातेवाइकांची तक्रार होती की आम्हाला काही सांगितलंच नाही. गरज नसताना योजनेच्या पैशांसाठी हे केल्याचा आरोप झाला, गुन्हे दाखल झाले, अटकाही झाल्या.

इथे माणसं खरी होती, कार्डं खरी होती आणि अँजिओप्लास्टीही खरोखर झाली होती. पहिल्या दोन चाळण्यांतून ही प्रकरणं आरामात पुढे गेली असती, कारण प्रत्येक नोंद सुटी पाहिली तर निर्दोष दिसते. मात्र त्या शेजारी शेजारी ठेवा : एक गाव, एक रुग्णालय, एकाच वेळी १९ जणांच्या हृदयाची तीच तपासणी. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचा फसवणूकविरोधी विभाग आहे आणि एआय व मशीन लर्निंगचा वापर होतो असंही सांगितलं जातं. अशा तंत्राचा खरा उपयोग इथे आहे, समूहातली विसंगती पकडायला. पण ती उपचाराआधी पकडली गेली तरच अर्थ आहे. वर्षभरानंतरच्या ऑडिटमध्ये सापडली तर पैसे वसूल होतील, माणूस परत येणार नाही.

म्हणून तो नंबर महत्त्वाचा

आता पुन्हा ९९९९९९९९९९ कडे येऊ. सरकारचं म्हणणं होतं की लाभार्थ्याची ओळख मोबाईल नंबरवरून पटवली जात नाही, त्यामुळे चुकीच्या नंबरने कोणी अपात्र माणूस आत शिरत नाही. नंबर घेतला जातो तो गरज पडल्यास लाभार्थ्याशी संपर्क साधायला आणि उपचारांबद्दल त्याचं मत विचारायला. ज्यांच्याकडे फोन नव्हता किंवा ज्यांना नंबर सांगता आला नाही, त्यांच्यासाठी कर्मचाऱ्यांनी काहीतरी दहा अंक टाकले असतील.

तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे. पण माझ्या मते नेमकं इथेच पाणी मुरतं. तुमच्या नावावर कोणते उपचार दाखवलेत हे विचारण्याचा सगळ्यात स्वस्त रस्ता तो नंबर आहे. तोच बनावट असेल तर साडेसात लाख साक्षीदार आपण आधीच गमावलेत.

बँकेतून पाचशे रुपये गेले तरी फोन वाजतो. तसाच मेसेज पूर्वमंजुरीच्या क्षणी, रुग्णाच्या भाषेत जायला हवा : "तुमच्या नावावर अमुक रुग्णालयाने अँजिओप्लास्टीसाठी इतक्या रुपयांची मंजुरी मागितली आहे. हे बरोबर नसेल तर या नंबरवर कळवा." बोरिसण्याच्या घराघरात असा मेसेज शस्त्रक्रियेआधी वाजला असता, तर निदान एखाद्या मुलाने बापाला फोन करून "काय चाललंय तिकडे?" असं विचारलं असतं.

मेसेजने सगळं सुटणार नाही. अनेक घरांत एकच फोन असतो आणि तो कामाला गेलेल्या मुलाच्या खिशात असतो. कित्येकांना मेसेज वाचता येत नाही. म्हणून फॉर्ममध्ये "फोन नाही" असा सरळ पर्याय हवा आणि अशा रुग्णांसाठी आशा सेविकेचा किंवा नातेवाइकाचा नंबर. रिकामा रकाना प्रामाणिक असतो. दहा वेळा नऊ लिहिलेला रकाना मात्र भरल्यासारखा दिसतो आणि सिस्टिमला वाटतं, झालं काम.

तुम्ही काय कराल?

घरात कोणाचं आयुष्मान कार्ड असेल तर त्याला कोणता नंबर जोडलाय ते आजच तपासा. उपचार झाले असतील तर डिस्चार्जच्या कागदावर कोणत्या शस्त्रक्रियेचं नाव आहे ते वाचा. कळलं नाही तर आरोग्यमित्राला विचारा. शंका असेल तर केंद्राच्या योजनेसाठी १४५५५ आणि महाराष्ट्रातल्या योजनेसाठी १५५३८८ या हेल्पलाइन आहेत. आणि गावात मोफत शिबिरानंतर कोणी "चला, गाडी तयार आहे" म्हणालं, तर गाडीत बसण्याआधी घरी एक फोन करायला सांगा.