आधी यू-टर्न, मग खारदुंगला

उन्हाळा लागला की पुण्या-मुंबईत लडाखच्या बाइक टूरच्या जाहिराती सुरू होतात. त्यात एक आकडा हमखास ठळक असतो : १८,३८० फूट. खारदुंगलाच्या फलकावर वर्षानुवर्षं हाच आकडा मिरवला गेला. प्रत्यक्षात ती खिंड १७,५८२ फूट भरते. या आठशे फुटांनी कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते नुसता उंचीचा आकडा पाहून टूर ठरवल्यामुळे.

मी अशा टूरमध्ये स्वीप म्हणून जातो. म्हणजे गटातला शेवटचा रायडर. पुढे लीड, शेवटी मी, माझ्यामागे मेकॅनिक आणि बॅकअप गाडी. कुणाची गाडी आडवी झाली की उचलायला सगळ्यांत आधी पोहोचतो तो मीच. त्यामुळे पडणाऱ्यांविषयी थोडं अधिकाराने बोलू शकतो.

लोकांना वाटतं, वेगात माणूस पडतो. माझ्यासमोर पडतात ते बहुतेक थांबताना आणि वळताना. चढावर पुढचा ट्रक अडतो, रायडर डावा पाय टेकवायला जातो, नेमका तिथे खळगा निघतो. हिमालयन असो की क्लासिक ३५०, गाडीचं वजन दोनशे किलोच्या घरात, वर सॅडलबॅग. एकदा झुकली की भल्याभल्यांना आवरत नाही. अरुंद रस्त्यावर हँडल पूर्ण वळवून, पाय न टेकवता यू-टर्न मारता येणं ही साधी गोष्ट. पण गटातल्या निम्म्या लोकांना ती येत नसते.

दुसरी परीक्षा नाल्याची. वितळलेल्या बर्फाचं पाणी रस्त्यावरूनच वाहतं, खाली नारळाएवढे गोटे. पहिला गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा, पाय फूटरेस्टवर, नजर पलीकडच्या काठावर आणि मध्ये थांबायचं नाही. नवखा नेमका पुढच्या चाकाकडे बघतो. गोटा आला की ॲक्सिलरेटर सोडतो, दोन्ही पाय पाण्यात टाकतो, गाडी बंद. मग आम्ही बर्फाच्या पाण्यात ढकलत राहतो. दुपारी ऊन वाढलं की बर्फ जास्त वितळतं आणि पाणीही वाढतं. सकाळी पिंडरीपर्यंत असलेला नाला दुपारी गुडघ्याला लागतो. म्हणून पहाटे निघायचं असतं, आणि रेंगाळणाऱ्या गटाला अवघड रस्ता आणखी अवघड होतो.

आता नाव नोंदवताना आयोजक काय विचारतात? लायसन्स, आधार कार्ड आणि ॲडव्हान्स. फार तर, ‘बाइक चालवता येते ना?’ एवढंच. या प्रश्नाला कुणी ‘नाही’ म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. माहितीपत्रकात ‘ईझी’, ‘मॉडरेट’ असे शिक्के असतात. कोणाच्या मानाने ईझी, ते कुठेच लिहिलेलं नसतं. रोज हिंजवडीला बाइकने जाणारा आणि रविवारी ताम्हिणीत मिसळ खाऊन येणारा स्वतःला मॉडरेट समजतो. त्याचं चूक नाही. पण आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ५,४०० फूट. श्रीनगर शहरच जवळपास तेवढ्या उंचीवर वसलंय. विरळ हवेत इंजिनाचा दम जातो तसा आपलाही जातो, आणि ताम्हिणीत त्याची तालीम होऊ शकत नाही.

म्हणून टूरचं दिवसवार वेळापत्रक नीट वाचा. त्यातले किलोमीटर फसवे असतात. सरचू ते लेह साधारण २५० किलोमीटर, आपल्याकडचं पुणे-कोल्हापूर म्हणा ना. पण वाटेत नकी ला, लाचुंग ला आणि तांगलांग ला अशा तीन खिंडी. गटाला अख्खा दिवस पुरत नाही. शिवाय सरचूला मुक्काम म्हणजे चौदा हजार फुटांवर झोप; डोकेदुखी आणि उलट्यांनी रात्र जागून काढलेला माणूस सकाळी गाडीवर बसतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने श्रीनगर-कारगिल मार्गानेच चढावं. उंची हळूहळू वाढते, आणि लेहला दोन रात्री निवांत काढून मगच खारदुंगला. मनालीचा रस्ता उतरताना घ्या. स्पितीतही तेच : किन्नौरकडून जाणं सोसतं, मनालीकडून कुंझुम ओलांडताना बातलच्या अलीकडचा रस्ता रस्ता म्हणावा असा नाही. आणि मोठी टूर कधीच केली नसेल, तर रेवस ते रेडी हा आपला सागरी रस्ता आहे. वळणं, चढउतार, मधूनमधून फेरीबोटीत गाडी चढवणं-उतरवणं. शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही.

गाडी कोणती मिळणार, हेही आधी विचारा. बाहेरून भाड्याने आणलेली गाडी घेऊन नुब्रा-पँगाँगला जाऊ पाहाल, तर लेहचे स्थानिक गाडीवाले अडवतात. तिथलीच गाडी घ्यावी लागते. म्हणजे टूरमधल्या सर्वांत उंच रस्त्यावर तुमच्या हाती अनोळखी क्लच आणि अनोळखी ब्रेक. तुमची उंची कमी असेल तर सीटवर बसून दोन्ही टाचा टेकतात का, ते इथल्या शोरूममध्येच पाहून घ्या. बायको मागे बसणार असेल तर तिलाही विचारा. वजन दोघांचं असतं, निर्णय एकट्याचा नसावा.

गटाचंही तसंच. वीस जणांमागे एकच लीड असेल तर मागचे ‘आपण मागे पडलो’ या धास्तीने आपल्या कुवतीपेक्षा जोरात चालवतात. समजूतदार लीड सर्वांत सावकाश चालवणाऱ्याला स्वतःच्या लगेच मागे ठेवतो आणि गटाचा वेग त्याच्यावर बांधतो. ही पद्धत आहे का, हे फोनवर विचारायला काहीच हरकत नाही. तसंच, एखाद्या दिवशी बॅकअप गाडीत बसायची सोय आहे का, हेही. झोजिला खिंड ओलांडताना चिखल असेल आणि हिंमत होत नसेल, तर किल्ली मेकॅनिकच्या हाती द्यावी आणि गाडीत बसावं. त्यात कसली लाज?

माझं आयोजकांना सांगणं एवढंच की पैसे घेण्याआधी एक रविवार घ्या. जवळच्या घाटात नेऊन यू-टर्न, चढावर थांबून पुन्हा निघणं आणि खडीवरचा ब्रेक, एवढं तपासा. जो कच्चा निघेल त्याला पुढच्या वर्षीचं निमंत्रण द्या. तुमचं एक गिऱ्हाईक लांबेल, पण बुडणार नाही. आणि वाचकांना : जो आयोजक तुम्हाला काहीच न विचारता सीट पक्की करतो, त्याच्याकडे पैसे भरू नका.